लग्नाची याद आणि वधूची सही

विवाहापूर्वी वधूवरांनी आपापल्या मालमत्तेविषयी, देण्याघेण्याविषयी आणि दुर्दैवाने पुढे संसार विस्कटलाच तर कोणाचे काय याविषयी लेखी ठराव करून ठेवावा, ही कल्पना आज अलकापुरीत, म्हणजे जेथे बडोद्याचे दिवाण रमेशचंद्र दत्त यांचे नाव धारण करणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस वकिलांच्या आणि हिशेबनीसांच्या पाट्या लागलेल्या आहेत त्या वस्तीत, बोलली जाऊ लागली की ती परदेशाहून सुटीस आलेल्या मुलांनी आपल्याबरोबर आणली असावी, असा बहुतेकांचा समज होतो. समज साहजिक असला तरी तो खरा नाही. अलकापुरीतून रेल्वेच्या रुळांखालचे गरनाळे ओलांडून पूर्वेस निघावे, सयाजीगंज मागे टाकावा, विश्वामित्रीचा पूल उतरून रावपुऱ्यात आणि तेथून दांडिया बाजारात यावे. या जुन्या बडोद्यात जी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांतील क्वचितच एखादे लग्न लेखी ठरावावाचून लागले असेल, आणि तो ठराव लिहिण्यासाठी वकिलाकडे जाण्याची कल्पनाही त्या वेळी कोणास सुचली नसती. त्या ठरावास ‘याद’ म्हणत. आपल्या समाजाने विवाहपूर्व करार केले, पुष्कळ केले, आणि ते स्वतःच्या हाताने केले. मात्र ज्या दोघांचा विवाह व्हावयाचा त्यांना त्या करारात पक्षकार म्हणून जागा मिळण्यास फार काळ जावा लागला, आणि त्या काळाचा एक मोठा टप्पा याच बडोद्याने गाठून दिला, हे मला या लेखात मांडावयाचे आहे.

१७३४ पासून बडोदे गायकवाडांच्या हाती स्थिर झाले आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, वैदिक, हरदास अशी नाना प्रकारची मराठी माणसे घाटावरून आणि कोकणातून येथे येऊन राहिली. मुलूख नवा, आजूबाजूची भाषा निराळी, आणि सोयरिकीस योग्य अशी घरे थोडी व दूरदूर विखुरलेली. खुद्द राजघराण्याची गोष्ट घेतली तरी सयाजीराव महाराजांची पहिली पत्नी १८८० साली तंजावराहून आली आणि तिच्या निधनानंतर १८८५ साली दुसरी देवासहून. जेथे व्याह्याचे गाव आठ-पंधरा दिवसांच्या वाटेवर, तेथे तोंडी शब्दावर विसंबणे कोणालाही जडच जाणार. म्हणून बडोद्यासारख्या ठिकाणी यादेचे महत्त्व गावातल्या गावात सोयरीक करणाऱ्यांपेक्षा अधिक वाटले असावे, असे माझे मत आहे. शिवाय ही मंडळी बहुतेक दप्तरात वाढलेली. तैनात, वर्षासन, मुशाहिरा, नेमणूक यांच्या यादी ज्यांच्या हाताखालून रोज जात, त्यांनी घरच्या कार्याचीही याद करावी यात नवल नव्हते.

ही याद कशी होई ते जरा जवळून पाहिले पाहिजे. मुलगी पसंत पडली, पत्रिका जमली, गोत्र-प्रवर पाहून झाले, म्हणजे एखादा बरा दिवस पाहून सामान्यतः वधूच्या घरी बैठक बसे. दोन्हीकडचे वडीलधारे, मामा, ज्याने सोयरीक सुचविली तो मध्यस्थ, आणि उभयतांना मान्य असे चार गृहस्थ ओसरीवर जाजमावर बसत. ज्याचे मोडी वळणदार आणि ज्याचा शब्द वजनदार असा एक जण लिहावयास घेई. कागद उभा दुमडून समास पाडलेला. वर मध्यभागी ‘श्री’. त्याखाली ‘याद’ हा शब्द लिहून त्याची रेघ उजव्या कडेपर्यंत ओढलेली. मग शके, संवत्सर, मास, तिथी. मग चिरंजीव अमुक यांचे लग्न चि. सौ. कां. तमुक हिजबरोबर करण्याचे उभयपक्षी ठरले, त्यास कलमे येणेप्रमाणे. एका बाजूस वरपक्षाने वधूच्या अंगावर घालावयाचे दागिने: मंगळसूत्र, पाटल्या, गोठ, तोडे, सरी, ठुशी, नथ, प्रत्येकापुढे तोळे आणि मासे. दुसऱ्या बाजूस वधूपक्षाने द्यावयाचे: हुंड्याची किंवा वरदक्षिणेची रक्कम, नवरदेवाचा पोशाख, अंगठी, करणी, विहिणीचा मान, सीमांतपूजनाचा खर्च, जेवणावळी किती व कोणाकडे, वऱ्हाडाच्या जाण्यायेण्याचे भाडे कोणी सोसावयाचे. आकड्यावर आकडा येई, आवाज चढे, मध्यस्थ उपरण्याने घाम पुसून ‘जाऊ द्या हो, मुलीचे कार्य आहे’ म्हणे, आणि कलम पुन्हा लिहिले जाई. दागिन्यांच्या कलमापाशी माजघरातून एखाद्या मुलाच्या हाती निरोप येई की पाटल्या चार तोळ्यांच्या नव्हे, सहाच्या पाहिजेत. स्त्रियांचा यादेत जो काही हात असे तो एवढाच. पण तो नेमका सोन्यावर असे. याचे कारण पुढे येईल.

कलमे संपली म्हणजे लिहिणारा सारी याद मोठ्याने वाचून दाखवी, ‘सदरहूप्रमाणे उभयपक्षी कबूल’ असे शेवटी घाली, दोन्हीकडचे वडील सही करीत, लिहिता न येणारा निशाणी करी आणि पंचांच्या साक्षी होत. याद दुहेरी लिहून एकेक प्रत दोन्ही घरी जाई. कागदाच्या कोपऱ्यांस कुंकू लागे, सुपारी फुटे, साखर वाटली जाई, आणि इतके झाले की लग्न ठरले असे समजावयाचे. पुढे ‘यादी पे शादी’ ही पद्धत रूढ झाली, म्हणजे याद झाली त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळे व्हावयाचे. तिच्या मुळाशी खर्च वाचविण्याचा शहाणपणा आहे, आणि ठराव व त्याची पूर्तता यांत दिवस जाऊ दिले म्हणजे मने फिरतात हा अनुभवही आहे.

या कागदास मुद्रांक नसे, नोंदणी नसे. मराठी राज्यात सरकारचे लक्ष लग्नाकडे असे ते लग्नटका आणि विधवेच्या पाटावरचे पाटदाम या करांपुरते. आणि पेशव्यांनी ब्राह्मणांतील कन्याविक्रय बंद करण्यासाठी ताकिदी दिल्या, तेवढा अपवाद सोडला तर दोन घरांत काय ठरले याची चौकशी सरकार करीत नसे. तरीही याद पाळली जाई. बोहल्याजवळ वरपक्ष अडून बसला की वधूचा मामा कनवटीची याद काढून पंचांपुढे उलगडी, आणि कागदात नसलेले मागणाऱ्यास चारचौघांत खाली पाहावे लागे; उलटपक्षी कबूल केलेला दागिना वधूच्या अंगावर आला नाही तर विहिणी बोलल्यावाचून राहात नसत. ज्ञातीत नाव जाणे हीच त्या काळची जप्ती होती. आज वकिलावाचून करार करू इच्छिणाऱ्यांनी हे विसरू नये की आपल्या पूर्वजांना वकील लागत नव्हता तो त्यांचे मसुदे निर्दोष होते म्हणून नव्हे. मसुद्याभोवती बसलेली माणसे त्याची अंमलबजावणी करण्यास आयुष्यभर तेथेच राहणार होती, हे त्याचे कारण होते.

इंग्रजी न्यायासने आल्यावर या व्यवस्थेस प्रथम धक्का बसला. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या तेविसाव्या कलमाने लोकनीतीस विरुद्ध अशा हेतूचे करार निरर्थक ठरविले, आणि लग्न जुळवून देण्याबद्दल मध्यस्थास अथवा मुलीच्या बापास द्यावयाच्या रकमांचे ठराव याच नियमाखाली न्यायालयांनी झिडकारले. वाङ्निश्चय मोडला तर न्यायालय लग्न लावून देत नाही, फार तर नुकसानभरपाई देईल, हेही ठरून गेले. आणि १९०१ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढे असा एक ठराव आला की नवऱ्याने सासूच्या घरीच राहावे, पत्नीला तेथून नेऊ नये, असे लग्नापूर्वी कबूल केले होते. न्यायालयाने सांगितले की पतीचा सहवासाचा धर्मसिद्ध हक्क अशा कबुलीने कापता येत नाही. हिंदू विवाह हा संस्कार आहे, संस्कारास अटी जोडता येत नाहीत, हे सूत्र त्यानंतर पुष्कळ काळ चालले. मला ते पुरते पटत नाही. संस्कार मानणारे तेच लोक यादेत भाड्याच्या गाडीपर्यंत सारे लिहीत होते. अटी होत्याच, फक्त त्या वधूच्या बाजूच्या असल्या म्हणजे संस्काराची आठवण होई.

या विषयात रखमाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईचे डॉक्टर सखाराम अर्जुन यांची ही सावत्र मुलगी; अकराव्या वर्षी तिचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी झाले. या लग्नाच्या मुळाशी एक उघड समजूत होती: दादाजीने घरजावई म्हणून सासऱ्याच्या घरी राहावे, त्याच्या शिक्षणाचा भार सासऱ्याने उचलावा, आणि त्याने शिकून योग्यतेस यावे. म्हणजे विवाहपूर्व करारच तो, आणि त्याचा गाभा पैसा नसून माणूस होता. दादाजीकडून ते झाले नाही. १८८४ साली त्याने पत्नीचा ताबा मागणारा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तो काढून टाकला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला दावा सोडला. ज्या समजुतीवर ते लग्न उभे होते ती कोणत्याही कागदावर वधूच्या हक्काच्या रूपाने लिहिलेली नव्हती. आणि लिहिलेली असती तरी त्या न्यायासनापुढे ती कितपत टिकली असती, हे वरच्या कलकत्त्याच्या निकालावरून दिसतेच. पुढे डॉक्टर होऊन याच रखमाबाईंनी आमच्या गुजरातेत, सुरतेस आणि नंतर राजकोटास, स्त्रियांची शुश्रूषा करीत आयुष्य घालविले.

आता त्या माजघरातून येणाऱ्या निरोपाकडे वळू. गुजरात आणि मुंबई इलाख्याच्या काही भागात वारसा व स्त्रीधन यांविषयी ज्या ग्रंथास विशेष प्रामाण्य होते, तो नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील ग्रंथ. नीलकंठ काशीस राहिले तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. लग्नाच्या अग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना दिलेले, प्रीतीने दिलेले असे जे जे स्त्रीस मिळते ते तिचे स्वतःचे, हा धर्मशास्त्राचा पूर्वापार विचार. हुंडा मात्र वरपक्षाच्या पेटीत जाई, मान विहिणीकडे जाई, जेवणावळी तर त्याच दिवशी संपत. साऱ्या यादेत वधूच्या मालकीचे असे उरे ते तिच्या अंगावरचे सोने. अंकलिपी न येणाऱ्या आईलाही हे पक्के ठाऊक होते. म्हणून तिने हुंड्याच्या आकड्यावर तोंड उघडले नाही. पाटल्यांच्या तोळ्यांवर मात्र ती अडून बसली. त्या निरोपात जी कायद्याची जाण आहे ती ओसरीवरच्या चार पंचांच्या बोलण्यात क्वचितच सापडली असती.

तथापि वधू स्वतः कोठे होती? यादेत तिचे नाव होते, वजन तिच्या दागिन्यांचे होते, पण सही तिची नव्हती. बहुधा ती आठ-दहा वर्षांची असे आणि तिला सही येतही नसे. १८८१ साली राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतलेल्या सयाजीराव महाराजांनी या प्रश्नास निरनिराळ्या बाजूंनी हात घातला, आणि त्यांतील प्रत्येक पाऊल, मग त्याचा उद्देश काही असो, यादेच्या मुळाशी जाऊन भिडले. १९०४ च्या बालविवाहप्रतिबंधक निबंधाने, म्हणजे कायद्याने, मुलीस बारा आणि मुलास सोळा ही किमान वये घातली. १८९३ साली अमरेली प्रांतात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये साऱ्या राज्यास लागू झाले, आणि त्यात मुली होत्या. म्हणजे आपल्या नावाची अक्षरे गिरविणारी वधू प्रथमच शक्य झाली. १९१५ साली पुरोहितांविषयीचा निबंध झाला. त्याअन्वये पौरोहित्य करणाऱ्यास परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागे, आणि संस्कारातील मंत्रांचा अर्थ यजमानास त्याच्या भाषेत समजावून सांगावा लागे. या निबंधावर त्या काळी पुष्कळ टीका झाली, शास्त्री-पंडित नाराज झाले. पण माझ्या मते बडोद्याच्या साऱ्या सामाजिक कायद्यांत याच्याइतका खोल दुसरा नाही. ‘नातिचरामि’ हे वराने दिलेले वचन आहे; धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिचे उल्लंघन करणार नाही अशी ती कबुली आहे, आणि ती कबुली जिला दिली जाते तिला ती कळत नसेल तर तिने काय स्वीकारले? कराराचा पहिला नियम हाच की उभयपक्षांस त्यातील मजकूर समजला पाहिजे. महाराजांनी तो नियम कचेरीतून उचलून विवाहवेदीवर नेला.

राजवाड्यातच याची कसोटी लागली. महाराज आणि त्यांची दुसरी पत्नी चिमणाबाई यांची एकुलती एक कन्या इंदिराराजे यांची सोयरीक ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरली होती. दोन बड्या मराठी संस्थानांची ही सोयरीक, तिची तयारीही त्या थाटाची. शिंद्यांची पहिली पत्नी हयात होती आणि ग्वाल्हेरचा गोषा कडक होता. १९११ च्या अखेरीस दिल्ली दरबारासाठी सारे एकत्र आले असता इंदिराराजे यांनी आईबापांस न विचारता स्वतः शिंद्यांना पत्र लिहून हा विवाह होणार नाही असे कळविले. दोन दरबारांनी ठरविलेली गोष्ट एका मुलीच्या पत्राने मोडली. खुद्द सुधारक पित्यास आणि चिमणाबाईंस ते जड गेले, आणि १९१३ साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी तिचा विवाह लंडनमध्ये झाला तेव्हा आईबाप तेथे नव्हते. इतिहासकार ही हकीकत प्रेमकथा म्हणून सांगतात. मला मात्र तीत वधूने स्वतःच्या हाताने लिहिलेला, स्वतःच्या लग्नाविषयीचा एक दस्तऐवज दिसतो.

राज्याच्या पेटलाद भागात, चरोतरच्या पाटीदारांत, याच सुमारास ठरावाचा आणखी एक प्रकार रूढ होता. ‘कुलीन’ गावांना मुली देण्याच्या चढाओढीत हुंडा वाढत गेला, म्हणून काही गावांनी मिळून ‘एकडा’ बांधावयाचा, आपसांतच मुली द्यावयाच्या-घ्यावयाच्या, खर्चाची मर्यादा लिहून काढावयाची आणि ती मोडणाऱ्यास दंड करावयाचा. हा साऱ्या समूहाने मिळून केलेला विवाहपूर्व करारच म्हणावयाचा. वधूवरांस मात्र त्यातही बोलण्यास वाव नव्हता.

त्यांना तो वाव ज्याने दिला तो प्रयत्न बडोद्याचा नव्हे, पुण्याचा. आणि बडोदेकर महाराजांच्या निबंधांहून तीस-चाळीस वर्षे आधीचा. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने भटावाचून पहिला विवाह लागला, आणि जोतीराव फुल्यांनी पुढे जी मंगलाष्टके रचली त्यांत वधू वरास स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते आणि वर तिला सर्वांसमक्ष वचन देतो. येथे पुरोहित नाही, वकील नाही, वडिलांची सही नाही. बोलणारी माणसे दोनच, आणि ती तीच आहेत ज्यांना एकत्र राहावयाचे आहे. फुल्यांना सयाजीरावांचा आश्रय होता हे प्रसिद्ध आहे. दोघांच्या कार्यपद्धती निराळ्या, एकाची राजाज्ञा आणि दुसऱ्याची लोकांतील चळवळ, पण विवाह म्हणजे ज्यांचा त्यांना समजलेला ठराव या एका बिंदूवर त्या येऊन मिळतात.

१९३१ साली बडोद्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. त्याच वर्षी राज्यकारभारातील शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील कोश निघाला. कायदा सर्वांस कळावा, या एकाच ध्यासाची ही दोन फळे. मुंबई प्रांतास असा घटस्फोटाचा कायदा करण्यास १९४७ आणि साऱ्या हिंदुस्थानास १९५५ उजाडावे लागले. घटस्फोट शक्य झाला म्हणजे विवाहपूर्व ठरावाचे स्वरूप बदलणे ओघानेच येते, कारण जोवर लग्न तुटणारच नाही तोवर याद लग्नाच्या दिवशी संपते. लग्न तुटू शकते म्हटले की ती त्या दिवशी सुरू होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि बडोद्याचे निबंध इतिहासजमा झाले.

मराठी माणसाच्या वस्तीत विवाहपूर्व कराराला कायद्याचे पुरते बळ आहे असा मुलूख एकच, तो गोवा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे वधूवरांनी लग्नापूर्वी काही न ठरविले तर उभयतांची मालमत्ता सामाईक होते, आणि निराळे काही हवे असेल तर विवाहापूर्वी नोटरीच्या दप्तरात करारनामा करावा लागतो, जो लग्नानंतर बदलता येत नाही. तेथील नोटरी सरकारी अधिकारी. तो दस्त लिहून घेतो, वाचून दाखवितो, सह्या घेतो. पक्षकारांस वकिलाचे दार ठोठावावे लागतेच असे नाही. इकडे बडोद्यातच मुसलमान घरांत काझीपुढे निकाहनाम्यात मेहेरची रक्कम लिहिली जाते आणि ती वधूची असते, हेही आपल्या शेजारचे उदाहरण आहे. गोव्याबाहेरच्या हिंदूंच्या बाबतीत मात्र असा कोणताही कायदा आजवर नाही. ठराव लिहिता येतो, त्यास वकिलाची सही लागत नाही, साध्या मराठीत किंवा गुजरातीत लिहिला तरी चालतो. पण न्यायालय तो पुरावा म्हणून विचारात घेईल, बंधनकारक मानीलच असे नाही, आणि पोटगीचा हक्क आगाऊ सोडून देण्यासारखे कलम तर टिकावयाचे नाही. म्हणून अलकापुरीत आज ज्या कोणास असा ठराव स्वतः लिहावयाचा असेल त्याने त्यात धमक्या आणि दंड भरू नयेत. लग्नापूर्वी कोणाचे काय होते, कोणावर कोणते कर्ज आहे, कोणाच्या पैशाने घर घेतले, आईबापांस कोण किती पाठविणार, कोणाची नोकरी कोठे राहणार, या गोष्टी सविस्तर लिहाव्यात, दोघांनी एकमेकांचे कागद पाहावेत, आणि दोन साक्षीदार असे निवडावेत की जे दोघांनाही सत्य सांगू शकतील. घर किंवा जमीन हस्तांतरित करावयाची असेल तर मात्र निबंधकाच्या कचेरीत नोंदणीस जावे लागेल, तेथे घरगुती कागद चालत नाही.

जुन्या यादेचे काय झाले? १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने तिचे अर्धे अंग, हुंड्याचे, गुन्हा ठरविले, आणि फार चांगले केले. ज्या कलमांनी बापांची घरे गहाण पडली त्यांची आठवण जपण्याचे कारण नाही. उरलेल्या अर्ध्या अंगाची, म्हणजे वधूला मिळालेल्या वस्तूंची, सोय लावण्यास आणखी चोवीस वर्षे लागली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्त्रीधन हे स्त्रीचे निखालस स्वतःचे, नवऱ्याच्या घरी ठेवले तरी ती केवळ ठेव, आणि ती अडकविणे हा विश्वासघाताचा गुन्हा, असे सांगितले. आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून वधूवरांस मिळालेल्या भेटींच्या याद्या ठेवण्याविषयीचे केंद्र सरकारचे नियम अमलात आले. हे नियम थोड्याच लोकांना माहीत आहेत आणि त्याहून थोडे पाळतात, याचे मला वाईट वाटते, कारण त्यांत जुन्या ओसरीवरची सारी रीत जशीच्या तशी आली आहे आणि तिच्यातील एक दोष दुरुस्त झाला आहे. यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावयाची. ती लेखी असावयाची. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, तिची अजमासे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि तो वधूवरांचा नातेवाईक असेल तर त्याचे नाते लिहावयाचे. वधूस मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावयाची, वरास मिळालेल्यांची वराने. आणि खाली सही वधू आणि वर या दोघांची. वकील यांत कोठेही नाही. वधूस सही करता येत नसेल तर तिचा अंगठा घ्यावा, पण त्यापूर्वी संपूर्ण यादी तिला वाचून दाखवावी, आणि ज्याने ती वाचून दाखविली त्याची सही त्याच कागदावर घ्यावी, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे.